टारफुला, कोळपे आणि औषधाचा पंप
खानदेशच्या वावरात तणाशी झालेल्या झुंजीची हकीकत



या पत्रिकेत आम्ही नेहमी पेरणीची वेळ, बियाण्याचे प्रमाण, खताचा हप्ता अशी कामाची माहिती देतो. या वेळी थोडा वेगळा विषय घेतला आहे. ज्वारी, बाजरी, मका, गहू या तृणधान्यांच्या पिकांत आपल्या जळगाव-धुळे भागात तण कसे आले, आपल्या आज्या-पणज्यांनी ते कसे आवरले, तणनाशक औषधे कधी आली आणि आता ती कमी कशी करता येतील, याचा हा इतिहास. "इतिहास वाचून काय पिकणार साहेब?" असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. म्हणून आधी आमच्या घरातलीच एक गोष्ट सांगतो.

मी त्या वेळी कृषी महाविद्यालयात शिकत होतो. आमच्या काकांनी मक्यात टू-फोर-डी हे तणनाशक मारले. रुंद पानाचे तण चार-सहा दिवसांत माना टाकून बसले. काका खूश. पुढच्या आठवड्यात कपाशीवर मावा दिसला म्हणून त्यांनी तोच पंप घेतला, पाण्याने एकदा हिसळला, त्यात कीटकनाशक भरले आणि तीन एकर कपाशी फवारली. आठ दिवसांत कपाशीची कोवळी पाने लांबट, चिंबलेली, बोटांसारखी निघू लागली. कोणी म्हणाले रोग आला, कोणी म्हणाले बियाणे खोटे. मी सुट्टीत घरी आलो आणि पंप पाहिला, तेव्हा कारण कळले. पंपात राहिलेल्या थोड्याशा टू-फोर-डीने तो घोटाळा केला होता. त्या वर्षी कपाशी अर्ध्यावर आली आणि काकूच्या गळ्यातली पोत सोसायटीच्या हप्त्यापायी सावकाराकडे गेली. ती पुढे सुटली, पण सुटायला दोन वर्षे लागली.

आमचे आबा, म्हणजे आजोबा, त्या वेळी ओट्यावर बसून आपल्या अहिराणीत एवढेच म्हणाले, "भाऊ, दवाई मारी तं तन मरस, पन कोळपं फिरनं म्हनजे पीक हासस." पदवी मिळवून आलेल्या मला तेव्हा ते जुन्या माणसाचे बोलणे वाटले. आज दहा-बारा वर्षे गावोगाव हिंडल्यावर वाटते की आबांचे म्हणणे पूर्ण खरे नव्हते, पण निम्म्याहून जास्त खरे होते. ते कसे, हे पाहू.

पडीक वावर आणि कुंदा-हराळी

खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला तो १८१८ साली. त्याआधीची पंधरा-वीस वर्षे फार वाईट गेली होती. लुटालूट आणि १८०३-०४ चा दुष्काळ यांमुळे गावेच्या गावे ओस पडली. तापी, गिरणा, पांझरा, बोरी यांच्या काठची काळी कसदार जमीन, पण कसणारा माणूस नाही. वावर पडीक पडले की मोकळे राहत नाही, बरं का. त्यात गवत शिरते. काळ्या जमिनीत सर्वांत चिवट दोन : कुंदा आणि हराळी. त्यांची मुळे व कांड्या जमिनीत खोल जातात. वरून कापले की खालून पुन्हा फुटतात. तिसरा सोबती लव्हाळा. त्याच्या जमिनीतल्या गाठी वर्षानुवर्षे दम धरून राहतात.

माणसे परत आली, वावरे पुन्हा वहितीखाली आली, ती कशाच्या जोरावर? लाकडी नांगर, वखर, तिफण आणि कोळपे यांच्या जोरावर. या चार अवजारांची जोडी नीट समजून घ्या, कारण आपली सगळी तणनियंत्रणाची विद्या त्यांतच आहे. नांगराने जमीन फोडायची. वखराच्या पासेने उगवते तण जमिनीखाली दोन-तीन बोटांवर कापायचे. तिफणीने सरळ ओळीत पेरायचे. आणि ओळ सरळ आली की मगच दोन ओळींच्या मधून कोळपे चालते. हाताने फेकून पेरलेल्या वावरात कोळपे चालत नाही. म्हणजे तण मारण्याची तयारी पेरणीच्या दिवशीच होत असे.

युरोपात घोड्याच्या कोळप्याचा आणि ओळीत पेरण्याचा पुरस्कार जेथ्रो टल या इंग्रज शेतकऱ्याने १७३१ च्या सुमारास पुस्तक लिहून केला, आणि तिथे ती मोठी सुधारणा मानली गेली. आपल्या दख्खनच्या शेतकऱ्याला तिफण आणि कोळपे तेव्हा घरचेच होते. पुढे १८८९ साली सरकारने इंग्लंडहून डॉ. व्होल्कर नावाचे शेती-रसायनतज्ज्ञ मुद्दाम बोलावले. हिंदुस्थानच्या शेतीत काय सुधारावे, ते सांगा म्हणाले. त्यांचा अहवाल १८९३ साली छापून आला. त्यांनी उणिवा दाखवल्या, खताची टंचाई दाखवली. पण वावर तणापासून इतके स्वच्छ ठेवणे दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळेल, असेही मोकळेपणाने लिहिले. शिकवायला आलेला माणूस शिकून गेला, असे म्हटले तरी चालेल.

पण एक गोष्ट झाकून ठेवू नये. ही स्वच्छता फुकट नव्हती. कोळपे ओळीच्या मधले तण कापते, ओळीतले नाही. ओळीतले तण विळ्या-खुरप्याने काढायचे, ती निंदणी. निंदणी करणारी बहुतेक आपली माय-बहीण. आषाढ-श्रावणात चिखलात उकिडवे बसून, पाठीवर पाऊस घेऊन, पोर बांधावर झोळीत टाकून. जुन्या काळाचे कौतुक करताना त्या पाठींचा विसर पडता कामा नये. तणनाशक औषध आले ते काही उगीच आले नाही.

लोखंडी नांगर आला

कुंदा आणि हराळी यांच्यापुढे लाकडी नांगर मात्र कमी पडत असे. तो वरची जमीन फोडी, पण खोलवरच्या कांड्या तशाच राहत. १९०३ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावला आपला पहिला लोखंडी नांगर तयार केला. आज ऐकून हसू येईल, पण लोखंडाने जमिनीत विष कालवले जाईल, अशी भीती पुष्कळ शेतकऱ्यांना वाटत होती. सुरुवातीचे नांगर विकायलाच दोन वर्षे गेली. पुढे १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि दख्खनभर ते नांगर पसरले.

खोल नांगरटीने काय साधले? उन्हाळ्यात ढेकळे उलटी पडली, कुंद्या-हराळीच्या कांड्या वर आल्या, चैत्र-वैशाखाच्या उन्हात वाळल्या, राहिलेल्या वेचून जाळल्या. खानदेशच्या उन्हासारखे तणनाशक दुसरे नाही, आणि ते फुकट आहे. मात्र त्याला शिस्त लागते. नांगरट रब्बीचे पीक निघाल्याबरोबर व्हायला हवी. मृगाच्या तोंडावर केलेली नांगरट तणाच्या कांड्या मारत नाही, उलट त्यांचे तुकडे करून वावरभर लावून देते.

टारफुला आणि कपाशीची करामत

आता या हकीकतीचा गाभा सांगतो. ज्वारीच्या वावरात, विशेषतः हलक्या, खत न मिळालेल्या जमिनीत, वीतभर उंचीचे, बारीक पांढऱ्या फुलांचे एक झाड दिसते. दिसायला नाजूक, पण महाबिलंदर. त्याला आपण टारफुला म्हणतो. बाकीचे तण पिकाशेजारी बसून खाते. टारफुला पिकाच्या अंगातच दात रोवतो. त्याचे मूळ ज्वारीच्या मुळाला चिकटते आणि तिचा रस पितो. तो जमिनीवर दिसतो तोवर निम्मे नुकसान होऊन गेलेले असते. ज्वारी पाणी असूनही सुकल्यासारखी दिसते, तिची वाढ खुंटते, कणीस लहान राहते. मका, बाजरी आणि ऊस यांच्यावरही तो जगतो.

त्याचे बी धुळीसारखे बारीक. एका झाडाला हजारोंनी बी येते आणि ते जमिनीत दहा-दहा वर्षे, त्याहूनही जास्त, जिवंत राहते. गंमत अशी की हे बी नुसत्या पावसाने उगवत नाही. शेजारी पोषक पिकाचे मूळ आले आणि त्यातून एक विशिष्ट द्रव्य पाझरले, तरच ते जागे होते. चोर दाराशी निजलेला, पण आत माणूस आहे याची चाहूल लागल्याशिवाय उठत नाही, तसे.

आपल्या खानदेशात जुनी वहिवाट अशी : एका साली कपाशी, दुसऱ्या साली ज्वारी. आपल्या वाडवडिलांनी ही फेरपालट का धरली? भाकरीला ज्वारी, बैलाला कडबा आणि रोकड्याला कपाशी हवी, हे कारण होतेच. कपाशीच्या रुंद ओळींत कोळपे जास्त वेळा फिरते, त्यामुळे पुढच्या ज्वारीला वावर स्वच्छ मिळते, हेही त्यांना ठाऊक होते. पण आणखी एक कारण होते, आणि ते जगाला कळायला १९६६ साल उजाडावे लागले.

त्याचे असे झाले. १९५६ साली अमेरिकेत, कॅरोलिना भागात, मक्याची शेते सुकू लागली. तिथल्या लोकांना कळेना. तिथे शिकायला गेलेल्या एका भारतीय विद्यार्थ्याने ते लाल फुलांचे छोटे झाड पाहून ओळखले की हे तर आपल्याकडचे, ज्वारीचे रक्त पिणारे! तिथे त्याची फुले लाल, आपल्याकडे पांढरी, एवढाच फरक. अमेरिकेच्या सरकारने १९५७ पासून मोठी मोहीम उघडली. सुमारे सव्वाचार लाख एकरांवर तो पसरल्याचे आढळले होते. टारफुल्याचे बी जागे कशाने होते, याचा शोध सुरू झाला, आणि १९६६ साली शास्त्रज्ञांनी ते जागवणारे द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे केले. त्याला त्यांनी स्ट्रायगॉल असे नाव दिले. आणि ते सापडले कशाच्या मुळांत? कपाशीच्या!

आता जुळवून पाहा. कपाशीच्या मुळातून ते द्रव्य पाझरते. टारफुल्याचे बी फसते, मोड येतो. पण टारफुल्याला कपाशीच्या अंगात शिरता येत नाही. खायला काही नाही, म्हणून तो मोडातच मरतो. म्हणजे कपाशीच्या साली वावरातल्या टारफुल्याच्या बियांचा साठा गुपचूप कमी होत असे. पुढे अमेरिकेने जमिनीत इथिलीन वायू सोडून हीच युक्ती केली : पीक नसताना बी जागे करायचे आणि उपाशी मारायचे. त्यांनी यंत्रे आणि वायू लावून जे केले, त्यातला काही भाग आपल्या वावरात कपाशीची मुळे करीत होती. आपल्या पणज्याला स्ट्रायगॉल हा शब्द माहीत नव्हता, पण फेरपालट मोडली की ज्वारी बसते, हे त्याला ठाऊक होते.

यातून कोणी असा अर्थ काढू नये की एक साल कपाशी लावली म्हणजे टारफुला संपला. साठा मोठा असतो, तो हळूहळू उतरतो. पण सलग ज्वारी किंवा ज्वारीनंतर मका, मक्यानंतर पुन्हा मका असे केले, तर तो साठा भराभर वाढतो. ज्वारीचे जे वाण मुळातून हे द्रव्य फार कमी सोडतात, त्यांना टारफुला कमी लागतो, हेही पुढे कळले. इथिओपियाचे डॉ. गेबिसा एजेटा यांनी असे वाण आफ्रिकेत तयार करून दिले आणि त्या कामाबद्दल त्यांना २००९ चे जागतिक अन्न पारितोषिक मिळाले. केनियात व्हिक्टोरिया सरोवराच्या काठचे शेतकरी मक्याच्या ओळींत डेस्मोडियम नावाची द्विदल वेल लावून टारफुला आवरतात. सगळ्यांची दिशा एकच : औषधाआधी पीकपद्धती.

संकरित ज्वारी, गाजरगवत आणि औषधाचा डबा

१९६४ साली आपल्या देशातली पहिली संकरित ज्वारी, सीएसएच-१, प्रसारित झाली. उत्पन्न वाढले, दुष्काळाच्या काळात तिने पोटाला आधार दिला, हे विसरू नये. पण तिच्याबरोबर दोन बदल आले. आपली गावठी ज्वारी उंच, पुरुषभर वाढणारी. तिच्या सावलीत तण दबून राही. संकरित ज्वारी ठेंगणी. तणाला ऊन मिळू लागले. दुसरे, रासायनिक खत आले. खत पिकाला दिले तरी वावरातले तणही ते खाते. शिवाय सीएसएच-१ टारफुल्याला लवकर बळी पडणारी निघाली. म्हणजे पीक सुधारले आणि तणाचेही फावले.

त्याच सुमारास नवा पाहुणा आला : गाजरगवत. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात ते शास्त्रज्ञांच्या नजरेस आले. अमेरिकेहून आलेल्या गव्हाबरोबर त्याचे बी आले, असे सर्वसाधारणपणे मानतात. लोक त्याला काँग्रेस गवतही म्हणू लागले. बघता बघता ते रस्त्याने, रेल्वेच्या कडेने, बांधाने देशभर गेले. त्यावर औषध मारून मारून लोक थकले. शेवटी १९८३-८४ साली बंगलोरला मेक्सिकोहून एक भुंगा आणला गेला. हा भुंगा आणि त्याची अळी गाजरगवताची पाने खातात. पुढे तो महाराष्ट्रातही सोडला गेला. पावसाळ्यात गाजरगवताच्या पानांवर पांढुरके, काळ्या नागमोडी रेघांचे भुंगे दिसले तर ते मारू नका. ते बिनपगारी सालदार आहेत. त्यांच्यावर विसंबून मात्र राहू नका. गाजरगवत फुलावर येण्याआधी, हातमोजे घालून, मुळासकट उपटणे हाच खरा उपाय.

तणनाशक औषधांकडे येऊ. टू-फोर-डी हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले संशोधन, बाजारात आले १९४५ च्या सुमारास. ते रुंद पानाचे तण मारते आणि गवतवर्गीय पीक सोडते, म्हणून ज्वारी, मका, गव्हाला सोयीचे. अॅट्राझीन हे स्वित्झर्लंडच्या कंपनीने १९५८ च्या सुमारास पुढे आणले. ते पेरल्यावर, उगवण्याआधी, ओल्या जमिनीवर मारायचे. आपल्याकडे तणांवर देशव्यापी समन्वित संशोधन १९७८ साली सुरू झाले, आणि १९८९ साली जबलपूरला तणविज्ञानाचे राष्ट्रीय केंद्र उभे राहिले. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ चे. आपला जळगाव-धुळे भाग त्याच्याच कार्यक्षेत्रात येतो.

सुरुवातीला औषध महाग, मजूर स्वस्त. म्हणून कोणी घेईना. पुढे मजुरी वाढली, पोरे शहरात गेली, घरोघरची बैलजोडी कमी झाली, आखाजीला सालदार मिळेनासा झाला, आणि हिशेब उलटला. आज एकराची निंदणी करायची म्हटली तर बाया मिळवण्यापासून त्रास. शेतकरी औषधाचा डबा उचलतो त्यात त्याचा दोष नाही. दोष असला तर तो "डबा आहे ना, मग बाकी काही नको" या समजुतीचा.

डब्याने काय शिकवले?

पहिला धडा हरियाणा-पंजाबचा. तिथे गव्हात गुल्ली-डंडा नावाचे गवत असते. दिसायला गव्हासारखेच. १९७० च्या दशकाच्या शेवटापासून त्यावर आयसोप्रोट्युरॉन हे एकच औषध शेतकऱ्यांनी दरसाल मारले. पीकही तेच, भात आणि गहू, गहू आणि भात. १९९२-९३ च्या सुमारास हरियाणात दिसून आले की तण त्या औषधाला दादच देत नाही. काही शेतकऱ्यांना उभा गहू कापून जनावरांना घालावा लागला. जे तण औषधातून वाचते, त्याचेच बी पडते, आणि दहा-पंधरा वर्षांत सगळे वावर त्याच जातीच्या तणाने भरते.

दुसरा धडा पाण्याचा. अॅट्राझीन जमिनीतून झिरपून भूजलात सापडू लागले, म्हणून युरोपीय संघाने २००४ साली त्याची परवानगी पुढे चालू ठेवली नाही. आपण विहिरीचे आणि बोअरचेच पाणी पितो, हे ध्यानात घ्या.

तिसरा धडा जोडपिकाचा. ज्वारीत मूग, उडीद, तूर घेणे ही खानदेशची जुनी चाल. उडीद आणि ज्वारी मिळून आपली कळण्याची भाकरी होते. अॅट्राझीन मारलेल्या वावरात मूग-उडीद टिकत नाही. जास्त मात्रा दिली तर मागच्या हरभऱ्यालाही झळ लागते. औषधाने तण गेले, पण त्याबरोबर डाळही गेली, आणि बांधावरची घोळ, तांदुळजाची भाजीही गेली.

चौथा धडा माणसाचा. ग्लायफोसेटच्या धोक्यांची चर्चा होऊन केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढली आणि त्याच्या वापरावर बंधने घातली. औषध म्हणतो आपण त्याला, पण ते औषध नव्हे, विष आहे.

मग आता करायचे काय?

इतिहासातून निघालेला सल्ला थोडक्यात देतो.

१) पहिले ३० ते ४५ दिवस राखा. ज्वारी, बाजरी, मका, गहू यांना तणाचा खरा मार बसतो तो याच काळात. त्यानंतर पीक स्वतःच जमीन झाकते. दिवाळीच्या तोंडावर केलेल्या निंदणीने उत्पन्न फारसे वाढत नाही. पण उरलेले तण बी टाकण्याआधी काढले तर पुढचे साल हलके जाते.

२) रब्बी दादर ज्वारीला वखराचा फायदा घ्या. खरिपात वावर रिकामे असेल तर दर चांगल्या पावसानंतर तण उगवू द्या आणि वाफशावर वखर घाला. तीन-चार पाळ्यांत वरचा बियांचा साठा उतरतो. खरीप ज्वारीत मात्र यासाठी पेरणी लांबवू नका. उशिरा पेरलेल्या ज्वारीवर खोडमाशी तुटून पडते.

३) ओळीत पेरा, कोळप्याचा विचार करून पेरा. पहिली कोळपणी १५ ते २० दिवसांनी, दुसरी ३० ते ३५ दिवसांनी. उघडीप पाहून, ऊन असताना कोळपा. ढगाळ हवेत कापलेले तण पुन्हा मूळ धरते. बैल नसेल तर सायकल कोळपे किंवा इंजिनाचे कोळपे दोघा-तिघांनी मिळून घ्या.

४) औषध मारायचेच तर पट्ट्यात मारा. हा या पत्रिकेचा मुख्य मुद्दा. कोळपे ओळीच्या मधले तण काढते, ओळीतले राहते. मग औषध फक्त ओळीवर मारायचे. मक्याच्या दोन ओळींत ६० सेंटिमीटर अंतर आहे आणि ओळीवर २० सेंटिमीटरचा पट्टा फवारला, तर जमिनीचा तिसरा हिस्साच फवारला जातो. समजा, ५० टक्के अॅट्राझीन भुकटी पूर्ण एकराला ४०० ग्रॅम लागते. तर पट्ट्याने साधारण १३३ ग्रॅम पुरते. पाणीही त्याच मानाने कमी. ओळीवरची मात्रा तीच राहते, फक्त जागा कमी होते, हे नीट समजून घ्या. पाजळून पातळ करणे वेगळे आणि पट्ट्यात मारणे वेगळे. पेरल्यावर तिफणीच्या काकऱ्या दिसतात तोवर, ओलीवर, चपट्या पंख्यासारख्या फवाऱ्याचे नोझल ठेवून ओळीने चालत जावे. प्रमाण नेहमी डब्यावरच्या पत्रकावरून ठरवा. जोडपीक असेल तर अॅट्राझीन नको.

यात शहाणपण कुठे आहे ते पाहा. पाऊस सतत लागून राहिला आणि पंधरा दिवस कोळपे घालता आले नाही, तर ओळीतले पीक तरी तणमुक्त राहते. उघडीप मिळाली की बाकीचे कोळप्याने जाते. दोघे एकमेकांची अडचण भागवतात.

५) टू-फोर-डीचा पंप वेगळा ठेवा. त्यावर रंगाने खूण करा. त्या पंपाने कपाशी, भाजीपाला, हरभरा कधीही फवारू नका. शेजाऱ्याची कपाशी जवळ असेल आणि वारा असेल तर टू-फोर-डी मारूच नका. वाऱ्याने आलेल्या तुषारांनीही कपाशी बिघडते, आणि मग बांधावरची भांडणे कोर्टापर्यंत जातात. तोंडाला फडके, हातात मोजे, अंगभर कपडे. लहान मुलांना जवळ येऊ देऊ नका.

६) टारफुला दिसला की फूल येण्याआधी उपटा, वावरात टाकू नका, जाळा. जमिनीला शेणखत आणि योग्य नत्र द्या. भुकेल्या जमिनीत त्याचा जोर जास्त. तिथे पुढच्या साली ज्वारी-मका नको, कपाशी किंवा कडधान्य घ्या.

७) शेणखत पूर्ण कुजवून टाका. कच्च्या खतातून तणाचे बी वावरात जाते. पूर्ण कुजताना होणाऱ्या उष्णतेने पुष्कळ बी मरते.

८) एकच औषध दरसाल नको. हरियाणाचा धडा आठवा. लव्हाळ्यावर तर अॅट्राझीनचा भरवसा धरूच नका. उन्हाळी नांगरट आणि गाठी वेचणे हाच मार्ग.

शेवटी

१९५६ साली, ज्या साली अमेरिकेत टारफुला ओळखला गेला, त्याच साली पुणे आकाशवाणीने आपल्या भागातल्या पाच जिल्ह्यांतील दीडशे गावांत एक प्रयोग केला होता. गावातले वीस-पंचवीस लोक रेडिओभोवती बसत, शेतीचा कार्यक्रम ऐकत आणि मग आपसांत चर्चा करीत. नुसते ऐकणारे विसरतात, चर्चा करणारे करून पाहतात, असे त्यातून दिसले. ही पत्रिकाही तशीच वापरा. चावडीवर, सोसायटीत, पारावर चार जण बसून वाचा. घरच्या बायांना जरूर बसवा, कारण कोणत्या वावरात कोणते तण किती वाढले, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

यंदा एवढेच करा : एका एकरात निम्म्या ओळींवर पट्ट्याने औषध अधिक कोळपणी, आणि निम्म्यात तुमची नेहमीची रीत. खर्च एका वहीत लिहा, मळणीला दोन्हींचे उत्पन्न वेगळे मोजा. आकडा काय येईल तो तुमच्या वावराचा असेल, माझा किंवा विद्यापीठाचा नाही. तो पाहून पुढच्या सालचे ठरवा.

आमच्या काकांनी तसे केले. आज त्यांच्याकडे दोन पंप आहेत, एकावर लाल पट्टा. कोळपे भाड्याने आणतात. मक्यानंतर मका घेत नाहीत. आणि आबा? आबा आता नाहीत. पण मक्यात कोळपे चालू असले की काका धुऱ्यावर उभे राहून म्हणतात, "बघ, हासस का नाही?"

मंडळी, तुमचे अनुभव आणि प्रश्न आम्हाला कळवा. पुढच्या पत्रिकेत त्यांवर लिहू. नमस्कार.